छकड्यातलं वजन : साक्री ते पिंप्राळा

दापोलीच्या माझ्या बहिणींना अजून खरं वाटत नाही. बैलांची शर्यत म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते एक मैदान, धुरळा, आरडाओरडा आणि विडा चघळून होण्याआधी निकाल. तीन दिवस चालणारी शर्यत आणि त्यात मी स्वतः बसलेली, हे ऐकून त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू खानदेशच्या उन्हानं मला काहीतरी झालं आहे. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

माझं सासर पिंप्राळा. जळगावच्या शेजारचं गाव. माझे यजमान जळगावात शाळामास्तर. घरची शेती मामंजी बघतात. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. केळी, कपाशी आणि बैल, या तीन गोष्टींवर त्यांचा जीव. क्रम मात्र उलटा.

माझी नणंद इंदू साक्रीकडच्या एका गावात दिली आहे, डोंगराच्या पायथ्याशी. तिच्या लग्नाच्या पंगतीत आबांनी व्याह्यांचे बैल पाहिले आणि सहज विनोद केला, "हे बैल आहेत की गाभण शेळ्या?" पंगत हसली. व्याही, म्हणजे नाना, हात धुऊन पानावरून उठले. त्या दिवसापासून ते आबांशी बोलले नाहीत, आबाही त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि इंदूला आखाजीला माहेरी पाठवणं बंद झालं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या कोकणात हा दिवस येतो आणि जातो. इथे मात्र लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हणताना बायकांचे गळे बसतात. कोकणात गणपतीला चाकरमानी घरी आला नाही तर जे वाटतं, ते इथे आखाजीला लेक आली नाही तर वाटतं. माझ्या सासूबाईंनी इंदूच्या लग्नानंतर अंगणात झोका बांधू दिला नव्हता.

मग एका वर्षी होळीच्या बरंच आधी नानांचा निरोप आला. साक्रीहून पिंप्राळ्यापर्यंत छकडे हाकायचे. आबा जिंकले तर इंदू दरवर्षी आखाजीला येईल. नाना जिंकले तर आबांनी सगळ्या पिंप्राळ्यासमोर म्हणायचं, की डोंगराकडचे बैल हे बैलच आहेत. ही गोष्ट बाजारांतून पसरली आणि आणखी चार-पाच जणांनी आपापल्या जोड्या उतरवल्या. पंच नेमले गेले, नियम ठरले. बैल दुडक्या चालीनं न्यायचे, उधळायचे नाहीत. टोचायची पराणी आणि चाबूक घरी ठेवायचे. धुळ्याला आणि पारोळ्याला मुक्काम. रोज सकाळी पंच बैलांचे खांदे आणि खूर तपासणार. आणि कोणी रिकामी हलकी गाडी पळवू नये म्हणून हाकणाऱ्याशिवाय एक माणूस गाडीत हवं, वजन म्हणून.

आमच्या घरात सगळ्यांत हलकी मी. यजमान अंगानं भरलेले, शिवाय शाळेला सुट्टी नाही. आबांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, धान्याचं पोतं नजरेनं जोखावं तसं.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, सून सासऱ्याच्या गाडीत तीन दिवस! लोक काय म्हणतील?"

आबा म्हणाले, "लोक म्हणतील, गाडी हलकी आहे."

साक्री

बैल आठवडाभर आधीच सावकाश चालवत साक्रीला पोचवले होते. आमचा रेल्वेचा आणि एसटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही; धूळ तेवढी दोन्हीकडे सारखी. साक्रीच्या अलीकडे मात्र मी खिडकीतून डोकं आत घेतलंच नाही. पळस फुलला होता. पानं झडलेल्या उघड्या टेकड्यांवर जागोजागी विस्तव ठेवल्यासारखा. आमच्याकडे हिरवं इतकं असतं की लाल रंगाला एकटं उभं राहायला जागाच मिळत नाही.

सकाळी निघायच्या जागी नानांना मी इंदूच्या लग्नानंतर प्रथमच नीट पाहिलं. काटक माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला घट्ट पागोटं. त्यांचे बैल पांढरे, अंगावर काळे ठिपके, बेताच्या उंचीचे. आमची जोडी त्यांच्यापुढे राजबिंडी दिसत होती. गुलब्या तांबूस, बांड्या तांबड्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा. दोघांची शिंगं तेल लावून चकचकीत केलेली. पण आबा नानांच्या बैलांच्या खुरांकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. काळे, बारीक, टणक खूर.

आणि नानांच्या गाडीत वजन म्हणून कोण बसलं होतं? इंदू!

त्यांच्याही घरात सगळ्यांत हलकी तीच. आबांना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सासरा शेजारी, म्हणून ती नुसती पदर सारखा करत राहिली. बैल जुंपेपर्यंत तिनं मला गाठलंच. कानात म्हणाली, "वहिनी, कोणीही जिंको. मी तर माहेरी पोचतेच की नाही?"

मला हसू आवरेना. एवढा मोठा वाद घालणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

नेरच्या रस्त्याला

छकड्यात बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. दोन चाकं, वर फळ्या, फळ्यांवर कडब्याची पेंढी आणि पेंढीवर मी. आबांच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून. सकाळी थंडी अशी की बोटं वळेनात. सूर्य वर आला की तीच बोटं कठड्याच्या तापलेल्या लोखंडी पट्टीवर ठेववेनात. पुढच्या गाडीची धूळ डोळ्यांत, दातांत, कानांत. प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यांतून डोक्यापर्यंत चढायचा. आबा माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते, बैलांशी मात्र अखंड चाललं होतं. "चल माझ्या राजा. डावीकडे बघ, दगड आहे. गुलब्या, त्याला ओढू नको, बरोबर चाल." माझे वडीलसुद्धा माझ्याशी कधी इतक्या लाडानं बोलल्याचं आठवत नाही.

नेरच्या अलीकडे एक कोरडा नाला लागला. उतारावर चाक दगडावर चढलं, गाडी एका अंगाला झाली आणि मी पेंढीसकट खाली बाभळीच्या काट्यांत. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात धूळ. छकडा तसाच पुढे! आबा बैलांना सांगत होते, "शाब्बास, आता कशी गाडी हलकी चालली!"

मागून नानांचा छकडा आला. मला पाहून इंदू तोंडाला पदर लावून हसत होती. नानांनी बैल क्षणभर आवरले आणि आपल्या अहिराणीत इंदूला म्हणाले, "त्यासले सांग, तुम्हनं वजन सांडी गयं."

त्यांना सांग, तुमचं वजन सांडलं म्हणे! आणि पुढे निघून गेले. थोड्या वेळानं आबा गाडी वळवून परत आले. नियमाप्रमाणे वजन घेतल्याशिवाय जाताच येत नव्हतं. त्यांनी माझ्या पदरातले काटे पाहिले, आपलं उपरणं पुढे केलं आणि तीन वर्षांत प्रथमच मला थेट विचारलं, "लागलं का गं पोरी?"

"नाही आबा."

"मग धरून बसत जा. आणि पुन्हा पडलीस तर ओरड. मी बैलांवर खूश होतो उगीच."

तिथून पुढे आमची पाठ पाठीला राहिली, पण अबोला गेला.

धुळे

धुळ्याला पोचलो तेव्हा मला गाडीतून उतरताच येईना. पाय असल्याचंच कळत नव्हतं. तसंच एका वखारीच्या आवारात बसून पाहत राहिले. एकही हाकणारा आधी स्वतः पाणी प्यायला नाही. आधी बैल. त्यांचे खांदे कोमट पाण्यानं शेकले, पाय चोळले, मग सरकी आणि ढेप. बैलांनी तोंड वर केल्यावर माणसांची भाकरी सुटली. आमच्याकडे नांगरून आलेल्या बैलाला गवत टाकतात, नाही असं नाही, पण आधी भाताची पेज माणूस पितो.

जेवायला वखारवाल्यांच्या घरून कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती भाकरी मला पहिल्या वर्षी घशाखाली उतरत नसे. त्या दिवशी मी किती खाल्ल्या, ते सासूबाईंना सांगू नका. भरीत हिरव्या मिरचीचं, काडीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं, वर कच्चं तेल. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता.

आबांचे तळहात कासऱ्यांनी सोलले होते. मी तेल-हळद लावायला घेतली तर म्हणाले, "आधी बांड्याचा खांदा बघू."

नाना पलीकडच्या भिंतीशी त्यांच्या बैलांचे पाय चोळत होते. मध्ये जेमतेम दोन गाड्यांचं अंतर. त्यांनी इंदूला ऐकू येईल असं, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं, "त्यासले सांग, उद्या रस्ता खडीना शे. बैलसना पाय देखा."

इंदूनं मला सांगितलं, उद्या रस्ता खडीचा आहे, बैलांचे पाय बघा. मी आबांना सांगितलं. आबा मला म्हणाले, "त्यांना सांग, मला डोळे आहेत."

मी इंदूला सांगितलं, "आबा म्हणतात, आभारी आहे."

पारोळा

दुसऱ्या दिवसाची खडी मी जन्मात विसरणार नाही. आमचे बैल काळ्या मातीत वाढलेले. लोण्यासारखी माती, पाय रुतायचे आणि निघायचे. इथे फोडलेल्या दगडाचा रस्ता, वर ऊन, आणि सावली म्हणावी तर तारेच्या खांबाची. एकेक छकडा मागे पडू लागला. एकाचा बैल खांदा सुजून बसला, एकाचं चाक गेलं. फागण्याच्या पुढे बांड्याच्या पुढच्या पायाची नाल निघाली. आबांना ते कळलं तेव्हा बराच रस्ता झाला होता आणि बांड्या पाय उचलून टाकू लागला होता.

पुढचा रस्ता आबा गाडीतून उतरून चालले. बांड्याच्या बाजूनं, त्याच्या मानेवर हात ठेवून. कासरे माझ्या हातात दिले.

"आबा, मला येत नाही."

"त्यांना येतं. तू फक्त धर."

मी धरले. दोन बैलांची ताकद दोरातून हातात येते तेव्हा आधी खांदे पुढे ओढले जातात. मग हळूहळू अंगात एक वेगळीच ऐट येते. बोरी नदीच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका काम टाकून उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतलेली बाई छकडा हाकते आहे आणि म्हातारा पायी चालतो आहे! एक जण म्हणाली, "काय वं माय, सासऱ्याले पायी चालाडस का?" आबाच हसून म्हणाले, "तिचंच राज्य आहे आता."

पारोळ्याला आम्ही शेवटून दुसरे पोचलो. किल्ल्याच्या खंदकाजवळ बैल बांधले. आबांनी बांड्याचा खूर मांडीवर घेतला. कड झिजून आतलं कोवळं लाल दिसत होतं. नालबंद दुसऱ्या गावी गेलेला. आबा तसेच बसून राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी फार लहान दिसला.

मावळतीला इंदू आली. पदराखालून तिनं जाड चामड्याचा तुकडा काढला, पाण्याच्या पखालीचा कापलेला. "वहिनी, हा खुराला बांधायला. नानांनी दिलाय. पण नाव सांगायचं नाही म्हणालेत."

आबांनी चामडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. पलीकडे नानांच्या छकड्याला लटकलेली पखाल एका बाजूनं कापलेली सगळ्यांना दिसत होती. आबांनी आणि इंदूनं मिळून खुराला आत कापूस भरून ते पायतण बांधलं. बांड्या इंदूनं वासरू असल्यापासून वाढवलेला. तिच्या हातात त्यानं पाय निमूट दिला.

गिरणा

सकाळी पंचांनी पायतण पाहिलं, बैल चालवून पाहिला आणि जा म्हणाले. एरंडोलपर्यंत बांड्या नव्या दमानं चालला. एकेक गाडी मागे टाकत आम्ही पाळधीच्या पुढे आलो तेव्हा पुढे फक्त नाना होते. आबा बैलांशी बोलायचे थांबले होते. मला त्यांच्या पाठीतून त्यांचा श्वास कळत होता. मी मनातल्या मनात झोका बांधायला सुरुवात केली होती.

गिरणेच्या उतारावर आम्ही नानांना मागे टाकलं. समोर पात्र, मधोमध पाण्याची एक धार, बाकी सगळी वाळू. तिच्यापलीकडे पिंप्राळा. भर दुपार होती. वाळूत चाकं शिरली आणि गाडी जडशीळ झाली. मी न सांगता उतरून मागून ढकलायला लागले. पायतणात वाळू गेली असावी. बांड्या थांबला, पुढे झाला, पुन्हा थांबला. मग त्यानं गुडघे टेकले आणि खाली बसला.

"ऊठ राजा," आबा म्हणाले. "घर आलं. ऊठ."

तो उठला नाही. आबा मागे गेले. त्यांनी बांड्याची शेपटी हातात घेतली. बसलेल्या बैलाची शेपटी पिरगाळली की तो उठतो, कसाही असला तरी. आबांनी ते कधी केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"आबा, नका!"

इंदू ओरडली आणि नानांच्या चालत्या छकड्यातून उडी मारून वाळूत धावत आली. बांड्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडाला फेस होता, डोळे वर लागलेले. आबांनी शेपटी सोडली. जू उतरवलं. शर्यत तिथेच संपली, आमच्यापुरती.

नाना पुढे गेले होते, पण धारेपाशी थांबले. गाडीत वजन नव्हतं. ते मागे वळून उभे राहिले. इंदूला हाक मारली असती तर तिला जावं लागलं असतं. त्यांनी हाक मारली नाही. मागून पाळधीकडच्या उतारावर दुसऱ्या छकड्याची धूळ दिसू लागली होती.

आबांनी एकदा त्या धुळीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग मला म्हणाले, "सूनबाई, तू जा. त्यांच्या गाडीत बस."

"मी?"

आबांनी मान वर केली आणि थेट नानांना हाक मारली. "नाना! हिला घ्या. वजन ते वजन. निघा आता, तो मागचा येतोय."

इंदूच्या लग्नानंतर त्यांच्या तोंडून व्याह्यांसाठी निघालेले ते पहिले शब्द. "नियम इंदूना शे," नाना म्हणाले.

"नियमात माणूस म्हटलंय. ही माणूस आहे. जा!"

मी पाण्याच्या धारेतून पळाले आणि नानांच्या छकड्यात चढले.

पिंप्राळा

नानांनी पलीकडचा काठ चढून घेतला. मग न वळता विचारलं, "बैल उठी का, पोर?"

"उठेल," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

मारुतीच्या पारापाशी सगळं गाव उभं होतं. हलगी वाजत होती. छकडा दिसताच गलका झाला आणि बैल दिसताच तो गप्प झाला. सासूबाई आरतीचं ताट घेऊन पुढे. परक्या बैलांच्या मागे, परक्या गाडीत आपली सून! त्यांचं तोंड पांढरं पडलं. "हे कुठं आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि मग नानांच्या बैलांना ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. हार पुढे आला तेव्हा नानांनी तो हातानं बाजूला केला. स्वतः पाणीही न पिता म्हणाले, "माले दोन बादल्या पानी द्या आनी एक ताजी जोडी. आत्तेच."

गावातली माणसं गाडी घेऊन निघाली, त्यांच्यापुढे नाना पायी.

ते सगळे परत आले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. आमचा छकडा गावातल्या जोडीनं ओढलेला. त्याच्यामागे गुलब्या, इंदूच्या हातात. आणि सगळ्यांत मागे बांड्या, तीन पायांवर, पण चालत. त्याच्या एका अंगाला आबा, दुसऱ्या अंगाला नाना, दोघांचे हात त्याच्या पाठीवर. दोघं भांडत होते. खुराला हळद लावायची की बिब्बा, यावर. सासूबाईंनी लेकीला पाहिलं आणि ताट माझ्या हातात देऊन त्या धावल्या.

पारापाशी आबा थांबले. पागोटं नीट केलं.

नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आधी बैलले गोठामा लिजा."

"नाही. ठरलं ते ठरलं." आबांनी आवाज मोठा केला. "मंडळी, डोंगराकडचे बैल हे बैल आहेत. माझ्या बैलांपेक्षा चांगले. आणि मी पंगतीत जे बोललो ते चुकीचं होतं."

शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. नानांनी मान खाली घातली आणि बांड्याच्या कपाळावरची वाळू झाडत राहिले.

नाना दोन दिवस राहिले. बिब्बा आणि हळद दोन्ही लावून झालं. सासूबाईंनी खापरावर मांडे केले, आणि नानांनी पानावरून न उठता पोटभर जेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाट फुटताना त्यांनी बैल जुंपले. इंदू आपलं बोचकं बांधून, सासूबाईंच्या गळ्यात पडून, डोळे पुसत बाहेर आली. हरल्यावर शब्द मागायचा नाही, हे आबांचं ठरलेलं. ते जोत्यावर जुवाच्या दोऱ्या उगीच तपासत बसले होते.

नाना इंदूकडे बघून म्हणाले, "तू कोठे चालनी?"

"घरी, नाना."

"आखाजी शे ना."

"अहो व्याही," आबा न राहवून म्हणाले, "आखाजीला अजून दोन महिने आहेत."

"माले माहित शे." नानांनी कासरे हातात घेतले. "पन इतला लांब बैलसले दोनदा कोन लई येई?"

छकडा इंदूला तिथेच ठेवून वळला आणि चालू लागला. आबा जोत्यावरून उठले आणि तसेच अनवाणी गाडीमागे चालत गेले, गिरणेपर्यंत.